पाय ओळखून दावा

"तोंड मिटलं म्हणजे झालं नाही गं, पोरी. पाय बोलतात. आधी पायांना गप्प कर."

विनी मावशीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लेसच्या पडद्यातून गाळून आलेला, थोडा हसरा, थोडा दटावणारा. हॅलोविनची संध्याकाळ असायची. आम्ही दोघी पाणंदीत काटेरी कुंपणाला चिकटून उभ्या असायचो. मावशीच्या अंगात आजोबांचा ओव्हरकोट, तोंडावर खिडकीचा उतरवलेला पडदा, वर दोरीनं आवळलेली टोपी. माझ्या हातात सलगम कोरून केलेला कंदील. आतल्या मेणबत्तीनं सलगम भाजू लागलं की एक कडवट-गोड वास सुटायचा. माझ्यासाठी ऑक्टोबर म्हणजे अजून तोच वास.

आमच्या ड्रमकील गावात त्या संध्याकाळी तोंडं झाकून घरोघर चालत जायची रीत होती. दारात पोराटोरानं गाणं म्हणायचं:

*आलो गं पाणंदीनं, हाती सलगमाचा दिवा,*
*नाव विचारू नका, पाय ओळखून दावा.*

आणि मग चिडीचूप. घरातल्यांनी चालायला सांगितलं की चुलीपासून दारापर्यंत चालायचं, दारापासून चुलीपर्यंत यायचं. त्यांनी चालीवरून नाव ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढायचा, मनुकांचा पाव खायचा, चहा प्यायचा आणि पुढच्या घराची वाट धरायची. ओळख लपवायला लोक काय काय करायचे! बुटात खडा घालायचे, नवऱ्याचे बूट बायको आणि बायकोचे नवरा. पण विनी मावशीपुढे कुणाची डाळ शिजत नसे.

"फेस्टी, खडा घातलास तरी उजवा पाय बाहेरच फेकतोस. काढ तो मुखवटा, घामानं मरशील."

ती पोस्टात होती. सायकल मिळाली होती तिला सरकारकडून, पण आमच्या पाणंदीतल्या चिखलात सायकलच तिच्या खांद्यावर बसायची, म्हणून ती चालतच टपाल वाटायची. उभ्या मुलखाचे पाय तिनं दाराआडून, गोठ्याआडून, धुक्याआडून ऐकलेले. आणि तिची स्वतःची चाल? टाच ठाम, पाऊल लांब, आणि डाव्या खांद्यावरच्या पिशवीमुळे प्रत्येक पावलाला एक बारीक हेलकावा. ती ऐकली की घड्याळ न बघता लोक चहाचं आधण ठेवायचे. त्यामुळे हॅलोविनला तिनं काहीही पांघरलं, पायात काहीही अडकवलं, तरी उंबऱ्याशीच घरचे ओरडायचे, "ये विनी, बस!"

फक्त एक घर सोडून.

पूल ओलांडून चढावर बार्टली स्कॅनलनचं घर होतं. एकटा माणूस, दोन गाई, खालचा भाग बंद ठेवून वरचा उघडता येईल अशा अर्ध्या दाराचं घर. हा बार्टली चाल ओळखण्यात ठार ढ.

"थांबा, थांबा," तो हनुवटी खाजवत म्हणायचा. "ही पाद्रीबाबांची स्वयंपाकीण!"

शेजारीपाजारी तिथं जमलेले असायचे, ते खो खो हसायचे.

"नाही? मग सार्जंटची बायको. पुन्हा चालून दाखवा बघू. अजून एकदा. नाही बुवा, दारापाशी वळताना नीट दिसलं नाही."

मावशी चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. पडद्याआड तिचे खांदे हसून हसून गदगदायचे. चुलीवरचा चहा उकळून काळा व्हायचा. शेवटी बार्टली हात जोडायचा, मावशी पडदा वर करायची.

"हरलास की नाही यंदाही?"

"हरलो बाई."

"अरे, डोकं आहे की सलगम?"

आणि हाच बार्टली, पाणंदीत एखादं जनावर सुटलं तर अंथरुणात पडल्या पडल्या खुरांच्या आवाजावरून सांगायचा की ही फेस्टीची कालवड, मागचा डावा पाय दुखतोय तिचा. दोन्ही गोष्टी साऱ्या ड्रमकीलला ठाऊक होत्या. पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी कधी पाहिल्या नाहीत. मीही नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात मावशी अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, नवा खुबा बसवला. मी शहरात शिकवते. शाळेतून रजा काढून तिच्याकडे येऊन राहिले. हॅलोविन झालं की त्यानंतरच्या सोमवारी माझी रजा संपणार होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: काठी घेऊन का होईना, पण कुणाचा हात न धरता मोठ्या रस्त्यापर्यंत जाता आलं तर तिनं खुशाल एकटीनं राहावं. नाहीतर तिला तुमच्याकडे शहरात न्या. रोज चालायला लावा. खुबा नवा आहे, न वापरता ठेवला तर गंजेल.

माझं शहरातलं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मावशीनं ते एकदा पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "छान आहे गं. टपाल आलेलं कळतं तरी का इथं?"

पण ती चालेना. घरात भिंतीला धरून फिरायची, फाटकाबाहेर पाऊल टाकायची नाही. कुणी भेटायला आलं तर मला पुढे करायची, "झोपलेय म्हणून सांग." बार्टलीही आला होता. आता त्याच्या डोळ्यांना धुरकट दिसतं, कुंपण चाचपत आला. मी खोटं सांगितलं. त्यानं आतल्या खिडकीकडे तोंड केलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग अंड्यांची टोपली माझ्या हातात दिली. "बरं," म्हणाला आणि गेला.

"इतक्या लांबून आला होता बिचारा," मी मावशीला म्हटलं.

"मग काय करू? उठून नाचून दाखवू?"

"निदान चालून दाखव. मलाच दाखव. फाटकापर्यंत."

ती खुर्चीत बसली होती. काठी गुडघ्यांवर आडवी. बाहेर रोवनच्या झाडाची पानं गळत होती, लाल फळं तेवढी उरली होती.

"ऐक," ती म्हणाली. उठली आणि स्वयंपाकघरातून चालली. काठीचा ठक्, मग पाऊल, मग दुसऱ्या पायाची फरफट. ठक्, पाऊल, फरफट. "ऐकलंस? ही माझी चाल आहे का? कुणा म्हातारीची आहे ही. ती कुठे तरी मरून गेली आणि तिची चाल मला चिकटली. सगळ्या मुलखाला पायांवरून ओळखणारी मी. आता मुलखानं मला अशा पायांवरून ओळखायचं?"

 मग कपाटाच्या वरच्या फळीवर घडी घालून ठेवलेला तो जुना लेसचा पडदा दिसला, आणि तोंडातून निघून गेलं, "ओळखणारच नाहीत ना!"

"काय?"

"अगं, इतकी वर्षं बुटात खडे घातलेस, आजोबांचे बूट घातलेस, तरी उंबऱ्यावर पकडली जायचीस. आता फुकटात नवी चाल मिळालीय. यंदा हॅलोविनला निघालीस तर कोण ओळखेल तुला?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आधी रागानं. मग तिच्या ओठांचा डावा कोपरा हलला.

"बार्टलीला तर बापजन्मात कळायचं नाही," ती म्हणाली. "त्याला जुनी चालसुद्धा ओळखता आली नाही कधी."

त्याच दुपारी ती फाटकापर्यंत गेली. लोखंडाला हात लावला, त्याच्याशी काही हिशोब चुकता करायचा असल्यासारखी उभी राहिली, आणि परत आली.

*

मग रोज थोडं थोडं. दुपारचा चहा झाला की आम्ही निघायचो. ती पुढे, मी हाताच्या अंतरावर मागे, पण हात धरायचा नाही अशी तंबी. आधी रोवनच्या झाडापर्यंत, मग फेस्टीच्या कोसळलेल्या गोठ्यापर्यंत. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना काट्यांत शेवटची काळी बोरं लटकत होती.

"खाऊन घे," मावशी म्हणायची. "हॅलोविन उलटलं की तो भुतांमधला पूका येऊन थुंकतो त्यांच्यावर."

"अजून थुंकतो?"

"तो काय निवृत्त झालाय माझ्यासारखा?"

चालता चालता ती घरं सांगायची. इथं ब्रीजी राहायची, तिच्या मुलाचं अमेरिकेतलं पत्र आलं की ती फाटकाशीच मला मिठी मारायची. इथं दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच घरात राहून एकमेकांना पोस्टानं पत्रं पाठवायचे. आता बहुतेक दारांना कुलुपं होती. एका अंगणात प्लॅस्टिकचा सांगाडा टांगलेला दिसला; त्या घरातल्या पोरांना हॅलोविनला गाडीतून घरोघर नेतात, पोरं खाऊ घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. मावशीनं सांगाड्याकडे पाहून मान हलवली. "याचीसुद्धा चाल माझ्यापेक्षा बरी असेल."

पुलाशी पहिल्यांदा पोचलो त्या दिवशी तिचा पाय थरथरत होता. पुलाचा कठडा बुटका, शेवाळलेला, ओला. तिथं तिला बसवायचं कसं, या काळजीत मी होते, आणि पाहते तर कठड्याला टेकून एक खुर्ची ठेवलेली. स्वयंपाकघरातली साधी लाकडी खुर्ची. पाठीला निळा रंग, एका पायाला सुतळी गुंडाळलेली, बसायच्या जागेवर ओल लागू नये म्हणून खताची रिकामी पिशवी.

"कौन्सिलवाल्यांनी ठेवली असेल," मावशी बसत म्हणाली.

"ते खड्डा बुजवत नाहीत, खुर्ची ठेवतील?"

"मग कुणी मासे धरायला येत असेल."

रोज खुर्ची तिथंच असायची. पाऊस पडून गेलेला असला तरी पिशवीखाली कोरडी. मावशी बसायची, खालून वाहणारं तपकिरी पाणी बघायची, आणि दम खाऊन झाला की म्हणायची, "पुरे आज. चल घरी." मी चढाकडे बघायची. वर बार्टलीचं घर, अर्धं दार उघडं, धुराड्यातून जळत्या पीट-मातीचा धूर. त्याच्या घरापाशीच पाणंद मोठ्या रस्त्याला मिळते.

"मावशी, थोडं पुढे?"

"हॅलोविनला. इथं बसून दम घेईन आणि चढेन एकदाच."

पण ती चढेल असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही वाटत नव्हतं. आदल्या दिवशी खुर्चीवर बसून ती म्हणाली, "तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीत कुंडी ठेवता येते का गं?"

मी म्हटलं, "येते." 

*

हॅलोविनला दिवेलागणीच्या आधीच निघालो. मी सलगम कोरलं होतं. हाताला सवय राहिली नव्हती, बोट कापून घेतलं. मावशीनं आजोबांचा ओव्हरकोट घातला. तो आता तिला इतका मोठा होत होता की आत दोघी मावल्या असत्या. तोंडावर तोच पडदा. माझ्या तोंडावर उशीचा अभ्रा, डोळ्यांना भोकं पाडून. पन्नाशीची बाई मी, पण फाटकाबाहेर पडताच पोरीसारखी चवड्यांवर चालू लागले.

धुकं उतरत होतं. ठक्, पाऊल, फरफट. सलगम भाजू लागलं, वास सुटला. त्या वासाबरोबर पाणंदीतली सगळी कुलुपं उघडल्यासारखी वाटली. ब्रीजी फाटकाशी आहे, फेस्टी बुटात खडा घालून लंगडतोय, ते दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या दारांतून बाहेर पडताहेत.

पुलाशी आलो. खुर्ची नव्हती.

मी कंदील उंच धरला. कठड्याला टेकून खुर्चीच्या पायांचे चार ओले ठसे तेवढे होते. मावशीनं दोन्ही हात कठड्यावर टेकले. काठी घसरून पडली, मी उचलून दिली. पडद्याआड तिचा श्वास ऐकू येत होता.

"घरी जाऊ या?" मी विचारलं.

 तिनं मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं.

"बसायला कुठंच नाही," ती म्हणाली. "मागं जायचं तर तेवढंच चालायचं, उलट जास्तच. त्यापेक्षा त्या ढ माणसाला हरवून तरी येऊ."

आणि चढाला लागली.

त्या चढावर मी काय काय देव आठवले ते मलाच ठाऊक. दोनदा थांबली. एकदा कुंपणाला पाठ टेकली आणि म्हणाली, "बोलू नकोस," मी बोलतच नव्हते तरी. पण हात धरू दिला नाही. वर उजेड दिसत होता, अर्ध्या दारावरून रस्त्यावर सांडलेला.

दाराशी मी गाणं म्हटलं. आवाज चिरकला.

*आलो गं पाणंदीनं, हाती सलगमाचा दिवा,*
*नाव विचारू नका, पाय ओळखून दावा.*

"या, या," आतून बार्टली म्हणाला. "कित्येक वर्षांत कुणी आलं नाही. पोरं येतात ती गाडीचा कर्णा वाजवतात नुसता."

स्वयंपाकघर तसंच होतं. टेबलावर मनुकांचा पाव कापून ठेवलेला, चुलीवर चहा. बार्टली टेबलापाशी उभा, डोळे आमच्याकडे पण नजर आमच्या थोडी बाजूला. आणि चुलीजवळ एक रिकामी खुर्ची. पाठीला निळा रंग. एका पायाला सुतळी.

मी मावशीकडे पाहिलं. पडद्याआड काही दिसेना, पण ती त्या खुर्चीकडेच बघत होती. बसली मात्र नाही. बसणार कशी? त्या रात्री चुलीजवळची रिकामी खुर्ची घरातल्या गेलेल्यांसाठी असते. जिवंत माणूस तिच्यावर बसत नाही. तिला वाटलं असणार, एकाच रंगाच्या खुर्च्या असतील याच्याकडे.

"चाला बघू," बार्टली म्हणाला.

मी चालून दाखवलं. "ही कुणी शिकवणारी दिसते. जमीन मोजत चालते," तो म्हणाला, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "आता दुसरी."

ठक्, पाऊल, फरफट. दारापर्यंत. ठक्, पाऊल, फरफट. चुलीपर्यंत. फरशीवर तो आवाज किती मोठा वाटत होता. बार्टलीनं हनुवटी खाजवली.

"थांबा, थांबा. ही तर पाद्रीबाबांची स्वयंपाकीण."

पडद्याआडून एक बारीक हसू फुटलं आणि दाबलं गेलं.

"नाही? मग सार्जंटची..."

तेवढ्यात काठी थरथरली. तिचं टोक फरशीवर टकटक वाजू लागलं. बार्टलीचं वाक्य तिथंच राहिलं.

"बस, विनी," तो म्हणाला.

 जी मावशी दुसऱ्याच्या घरात मुखवट्याआडून कधी बोलली नव्हती ती बोलली, "ती मेलेल्यांची खुर्ची आहे."

"नाही गं. मेलेल्यांना ती बघ, खिडकीशी ठेवलीय, तिला गादीही आहे. त्यांना घाई नसते. ही तुझी. बस आधी."

ती बसली. पडदा वर केला. चेहरा घामानं ओला, केस विस्कटलेले.

"पुलावरची," ती म्हणाली.

"हो."

"तू ठेवलीस? आणि आजच्या दिवशी काढून आणलीस? मी पडले असते तर, मेल्या?"

"दाराशीच उभा होतो, कान पुलाकडे लावून. पडली असतीस तर ऐकलं असतं." त्यानं चहा ओतला. कपाच्या काठाला बोट लावून, सांडू न देता. "तिथं ठेवली असती तर तू बसली असतीस आणि परत गेली असतीस. कालच्यासारखी. परवासारखी."

मावशीनं कप दोन्ही हातांत धरला. मला म्हणाली, "नोरीन, सोमवारी तू तुझ्या शाळेला जा. माझी काळजी नको." मग पुन्हा त्याच्याकडे वळली. आवाजात जुनी दटावणी होती, पण तिच्याखाली काहीतरी हललं होतं.

"पण ओळखलंस कसं? माझी चाल तर आता माझीच राहिली नाही. आणि तुला तर जुनीसुद्धा कधी ओळखता आली नाही. दरवर्षी हरायचास."

बार्टली तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. चुलीतलं पीट चरचरलं. त्याचे धुरकट डोळे विस्तवाकडे होते. टपाल तर ती रोज आणायची. पण ते अर्ध्या दारावरून देऊन निघून जायची, वर्षातली ही एकच संध्याकाळ सोडून.

"तू पुलावर असतानाच ओळखायचो, विनी," तो म्हणाला. "दरवर्षी. पण नाव घेतलं की तू मुखवटा काढणार, चहा पिणार आणि पुढच्या घरी जाणार. म्हणून घेत नव्हतो."